उन्हाळा लांबणीवर

“पाडव्याला अल्बम सोडणार म्हणून अख्ख्या गावाला सांगून बसलोय आपण, आणि आता म्हणतोस अक्षय्य तृतीयेला?” रेश्मा फोनवर कडाडली. “लोकं शिमगा करतील की रं!”

“करू देत,” ऋतुराज म्हणाला. “शेवटचं गाणं अर्धंच हाय.”

दोघं मूळचे वेळापूरचे. पोटासाठी ऋतुराज वर्षापूर्वी सोलापुरात आला. दिवसा एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवायचा, आणि घरी आला की भिंतींना गाद्या टेकवून गाणी करायचा. मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, पण ह्या पठ्ठ्याला त्यातही ताल सापडायचा. ‘उन्हाळा’ हा त्याचा पहिला अल्बम. रेश्मा गायची, आणि गाणी नेटवर चढवायचं कामही तिचंच.

शेवटचं गाणं मात्र त्याच्या आईचं होतं. नीलम्मा अक्कलकोटच्या पलीकडची. लग्न होऊन पार वेळापूरला आली आणि ऋतुराज पाळण्यात असतानाच तापाने गेली. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणंही तुटलं. मागे राहिली एक जुनी कॅसेट. तिच्यात पाळण्याची करकर, आणि एकच ओळ:

‘मळे बंद मेले, मग बंद...’

आईचं मराठी तोडकंमोडकं होतं, असं सगळं घर सांगायचं. ती ओळही तशीच. पण काय तो आवाज! कितीही वेळा ऐकला तरी ऋतुराजच्या अंगावर काटा यायचा, हात आपोआप जोडले जायचे. पाच शब्दांत बाईने दुष्काळ उभा केला होता. मळे बंद पडले, माणसं मेली, मग सगळंच बंद. त्या शेवटच्या ‘बंद’पाशी त्याने चालते माग एकेक करून थांबल्याचा आवाज भरला होता. ते ऐकून रेश्मा ढसाढसा रडली होती.

वडील, धोंडीराम, ती कॅसेट कधीच ऐकत नसत. “माज्या घरात तिला सुख लागलं न्हाय,” एवढं बोलून उठून जात. आई खरंच इतकी दुःखी होऊन गेली का, हे ऋतुराजला एकदाचं कळायला हवं होतं. म्हणून पुढची ओळ हवी होती.

सुट्टीच्या दिवशी तो आईचं माहेर शोधत गेला. आईची थोरली बहीण नागव्वा ओसरीवर ज्वारी पाखडत होती. त्याने नाव सांगितलं तसं तिच्या हातातलं सूप खाली आलं.

“नीलम्माचा तू? केवडा झालास की रं!” तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “बस, बस हितं.”

“मावशी, आईचं एक गाणं आणलंय. पुढचं येतं का तुमाला?”

त्याने मोबाइल लावला. नीलम्माचा आवाज ओसरीभर पसरला. नागव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण मग भलतंच झालं. म्हातारी डोलायला लागली, हसायला लागली, वर टाळ्याही वाजवायला लागली.

त्याच्या जिव्हारी लागलं. “मावशी, हसताय काय? दुःखाचं गाणं हाय ते.”

“दुक्काचं? कोन म्हनलं?”

“शब्दच हायत की तसं. मळे बंद. मेले.”

नागव्वाने पदराने डोळे पुसले.

“मराटी न्हाय रं ते, कन्नड हाय. मळे म्हंजे पाऊस, बंद म्हंजे आला, मेले म्हंजे नंतर, मग म्हंजे ल्येक. तू झालास तवा तिनं सोत्ता जोडलं हे. ‘पाऊस आल्यावर माजा ल्येक आला,’ असं म्हनती की ती.”