निम्मं पाणी

तलावाच्या पाण्यावर गावाचा हक्क तीन पिढ्यांचा. पाणीवापर संस्थेच्या अध्यक्ष दुर्गाबाईंनी घरोघरी जाऊन डोकं खाल्लं, सगळ्यांना तुषार संच घ्यायला लावले आणि गावाचा हरभरा निम्म्या पाण्यात पिकवून दाखवला. रिसोडला त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सोबत पाटबंधारे खात्याचं एक पत्र: गावाचं निम्म्यात भागतं हे सिद्ध झाल्याने वाचलेलं पाणी यापुढे कायम शहराला देण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आली. दुर्गाबाईंनी सत्काराची शाल कंबरेला गुंडाळली, फावडं घेतलं आणि अख्खा पाट हरभरा काढलेल्या मोकळ्या वावरात वळवला.

सून सपना धावत आली. "आत्याबाई, रिकाम्या वावरात पानी काहून सोडून राह्यल्या?"

 

"उरलेलं निम्मं वाचवून राह्यली, बाई."