यॉर्क स्टेशनची तबकडी

उचगावच्या रुद्राप्पांना विलायती आगगाड्यांचं वेड होतं. शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झालेला त्यांचा जोडीदार गुंडू तसलाच. दर रविवारी सकाळी दोघं इंग्लंडातल्या वाफेच्या इंजिनांच्या आवाजाच्या जुन्या तबकड्या ग्रामोफोनवर ऐकत बसत.

त्या रविवारी गुंडूनं भंगार बाजारातून एक तबकडी आणली होती. वर छापलं होतं, ‘यॉर्क स्टेशन, १९५९’.

पिन टेकली. शिटी झाली आणि इंजिन धापा टाकत निघालं.

“तीन सिलिंडरचं हाय,” गुंडू म्हणाला. “ठोका ऐक की.”

गाडी लांब गेली, फलाट शांत झाला. मग तबकडीतून एक बाई म्हणाली, “गुंडूभावजी, चहात साखर घालू का?”

आवाज रुद्राप्पांच्या बायकोचा, अक्काताईंचा होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात अक्काताई आल्या.

“गुंडूभावजी, चहात साखर घालू का?”

गुंडूनं तोंड उघडायच्या आत तबकडीतला गुंडू बोलला, “नको वहिनी. डॉक्टरनं बंद केलीया.”

“नको वहिनी,” गुंडूच्या तोंडातून आपोआप गेलं. “डॉक्टरनं बंद केलीया.”

तबकडीत खुर्ची सरकली. काहीतरी जड फरशीवर पडलं. तबकडीतल्या अक्काताईंनी हंबरडा फोडला, आणि तिथला गुंडू रडवेला होऊन हाका मारू लागला, “रुद्राप्पा, डोळं उघड की. रुद्राप्पा.”

दारातल्या अक्काताई गप्प उभ्या होत्या.

रुद्राप्पांनी ठरवलं, पिनेला हात लावायचा न्हाय, जागचं उठायचंच न्हाय. पण ते उठलेले होते, आणि त्यांच्या मागं खुर्ची नुकतीच सरकली होती.