नवी गाडी

शेलूबाजारला भर मे महिन्याच्या दुपारी उत्कर्षने नवी गाडी उभी केली. "बाबा, उनात कायले उतरता? बसा आतच, आलोच मी," म्हणत तो दुकानात शिरला. मागे दारं आपोआप लॉक झाली, एसी बंद पडला.

अर्धा तास झाला. घामाने निथळत दौलतरावांनी दाराची कडी चाचपली. कडीच नव्हती. काच खाली करायला बटणही नव्हतं. समोर नुसती स्क्रीन, बोट लावलं की पासवर्ड मागणारी. खणात माहितीपुस्तक शोधलं, तर एक कार्ड निघालं: 'मोबाइलवर स्कॅन करा.' मोबाइल त्यांच्याकडे नव्हता.

त्यांनी काळ्या काचेवर थापा मारल्या. मग हातच उचलेना.

बाहेर दोघंजण त्याच काचेत बघून भांग पाडत होते.

"काय गाडी हाय बे!" एक म्हणाला. "आतमंदी कसं थंडगार असन!"