डबल बेल

"सोडा! आजोबा, सोडा!" रुचिरा ओरडली.

आजोबांनी दांडी आणखी घट्ट धरली. बॅटरीवरची नवीकोरी व्हीलचेअर सरळ जाऊन सोसायटीतल्या कुंडीवर धडकली. आजोबांचा उजवा पाय मात्र खालच्या पट्टीवर दणादण आपटत होता. जन्मभर मालाडमधून बस चालवलेला पाय तो. ब्रेक पायाखालीच असणार, दुसरीकडे कुठे?

"वाट लागली," बाबा म्हणाले. "अण्णा, उद्या शेवटचं बघू. नाही जमलं तर खुर्ची परत. मी ढकलेन ना तुम्हाला."

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबाच त्यांना ढकलत. म्हणजे रविवारी, तेही मॅच नसली तर. नाक्यावर आजोबांच्या दोस्तांचा अड्डा मात्र रोज भरायचा.

रुचिराला ती खुर्ची जाम आवडली होती. पोटाला पट्टा. चढावर मागे उलटू नये म्हणून पाठीमागे दोन पिल्लू चाकं. आणि सगळ्यात भारी म्हणजे दांडी पुढे ढकलली की खुर्ची चालायची आणि हात सुटला की ब्रेक आपोआप लागायचा, अगदी उतारावरसुद्धा! फक्त हात सुटायला हवा. आजोबा तर स्टिअरिंग समजून आवळून बसायचे.

तिने स्टीलचा पेला आणि चमचा आणला.

"आजोबा, कंडक्टरने एक बेल मारली की आधी काय करायचं?"

"पायाखालची रेस सोडूची."

"आणि दोन मारल्या की निघायचं. बरोबर? मग ही दांडी म्हणजे रेस आहे हो, स्टिअरिंग नाही!"

आजोबांनी दांडीकडे पाहिलं आणि खुदकन हसले. "तसा सांग मगे, चेडवा!"

टण. हात सुटला, खुर्ची थांबली. टण टण. निघाली. दुपारभर शेजाऱ्यांचे कान किटले.

दुसऱ्या दिवशी आजोबा गेटकडच्या उतारावर निघाले. निम्म्यात पार्किंगमधून एक स्कूटर सरळ मागे आली. रुचिराने चमचा उचलला. बाबा धावले. दोघांनाही उशीर झाला होता.

आजोबांचा हात केव्हाच उघडला होता. खुर्ची उतारावर खिळा ठोकल्यासारखी उभी होती. आणि पाय पट्टीवर अगदी शांत.

"झकास!" रुचिरा किंचाळली. बाबांनी मात्र धावत येऊन खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी गच्च धरल्या.

स्कूटर गेली. समोर गेट उघडं होतं. पण आजोबा हलेनात.

"काय झालं, अण्णा? भीती वाटते?"

"भीती कसली रे! डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलता काय?"

रुचिराने पेला आणि चमचा बाबांपुढे धरला. बाबा पेल्याकडे बघत राहिले. एका हाताने वाजण्यातली ती वस्तू नव्हती.

बाबांनी मुठी सोडल्या.

टण टण.