पहिली सही

कॉलेजच्या ग्रुप डान्ससाठी प्रत्येकीच्या संमतीपत्रावर वडिलांची सही लागणार होती. ती विद्यार्थी प्रतिनिधी, नाचही तिनेच बसवलेला. मग मैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांची मनधरणी करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. प्रत्येक घरी एकच प्रश्न यायचा, "तुझ्या बाबांनी केली का सही?"

"सगळ्यांच्या आधी," ती बेधडक ठोकून द्यायची.

अकरा सह्या मिळाल्या. बारावा कागद तिचा स्वतःचा. बाबांनी तो वाचला, त्याची घडी घातली आणि जेवणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती त्याच टेबलाशी भाजी निवडत बसली होती. पाय खाली आपोआप ठेका धरत होते. टेबल मात्र आता जराही हलत नव्हतं.

बाबांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलत. एका मैत्रिणीचे वडील होते.

"दादा, आभार मानायला फोन केला. तुम्ही पहिली सही केलीत, म्हणून मला धीर आला. काय नाचतायत हो पोरी! पण मधली जागा रिकामीच ठेवलीय त्यांनी. तुमची लेक कुठे अडकली?"