शनिवारचा सहाचा फोन

फोनची सहावी घंटी वाजली, तरी वेंडेल टेकमायरने तो उचलला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फोनसमोर तो नुसता उभा होता, हातात अजून गाडीची किल्ली. पलीकडे कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. ती खोटं बोलणार, हेही ठाऊक होतं.

एकतीस वर्षं तो छोट्या कॉलेजांच्या अमेरिकी फुटबॉल संघांची क्रमवारी लावत आला होता. शाळेत गणित शिकवायचा, तेव्हापासून. बासष्ट संघ, हंगामात दर रविवारी नवी यादी. आधी ती गावच्या साप्ताहिकात यायची. साप्ताहिक बंद पडल्यावर ती मार्जच्या हॉटेलात कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवलेली असायची. वाचायचं कोणी नाही, टिंगल मात्र सगळे करायचे.

"लेका वेंडेल, एका गुणाने जिंकला काय नि साठाने जिंकला काय, तुझ्याकडे सब घोडे बारा टक्के!" धान्याच्या कोठारावरचा गस म्हणायचा.

"जिंकणं म्हणजे जिंकणं," वेंडेलचं उत्तर ठरलेलं. "फरक मोजायला लागलं, की पोरं पडलेल्याला तुडवायला शिकतात."

कोणी कोणाला हरवलं, एवढंच त्याला हवं असायचं. कितीने, हे त्याने आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

पूर्वी शनिवारी संध्याकाळी या फोनला उसंत नसायची. सगळ्या कॉलेजांतून निकाल यायचे. मग ते कॉम्प्युटरवर दिसायला लागले आणि एकेक फोन बंद झाला. उरला तो ॲशग्रोव्ह कॉलेजच्या कचेरीतल्या लोर्ना व्हावराचा. ठीक सहाला. "जिंकलो, मिस्टर टेकमायर." नाहीतर, "हरलो." पुढे ती वारा कसा सुटला होता, चेंडू कोणाच्या हातून निसटला, असं काही सांगायला लागली, की तो म्हणायचा, "तेवढं पुरे, आभारी आहे," आणि फोन ठेवून द्यायचा. फोनजवळ त्याने कधी खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. घरात दुसरं माणूस नव्हतं. कित्येक शनिवारी दिवसभरात तो तेवढंच बोललेला असायचा.

गेल्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, लोर्ना म्हणाली, "मार्लो कॉलेजला हरवलं." वेंडेलने लिहून घेतलं. रविवारी बघतो तर मार्लोचा संघ त्या दिवशी भलत्याच गावी, भलत्याच संघाशी खेळलेला. एकतीस वर्षांत यादीत एकही चूक शिरली नव्हती. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी आज तो स्वतः ॲशग्रोव्हला जाऊन आला. मक्याच्या शेतांतून चाळीस मैल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मैदानावर गोलचे खांब नव्हते. गवत कापणाऱ्या माणसाने यंत्र थांबवलं.

"फुटबॉल? तो मे महिन्यातच गुंडाळला की, आजोबा. पोरंच मिळेनात. लोर्नालाही तेव्हाच घरी बसवलं." मग त्याने बाकांच्या दिशेने हनुवटी हलवली. "पण ती येते बिचारी. शनिवारी एकला येते, चारला जाते."

रिकाम्या बाकांच्या मधोमध कॉलेजची लाल टोपी घातलेली एक म्हातारी बसली होती. मैदानाकडे बघायची आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहायची. पुन्हा बघायची, पुन्हा लिहायची.

वेंडेल कुंपणापाशीच थांबला. पुढे जायचं त्याला जमलं नाही. परतताना मात्र त्याला राग आला. चाळीस मैल तो एकच वाक्य घोकत आला: बाई, तुमचा संघ आता नाही, यापुढे फोन करू नका. घरी आल्या आल्या त्याने यादीतून ॲशग्रोव्ह खोडलं. एकसष्ट संघ. यादी पुन्हा खरी झाली.

फोन वाजायचा थांबला.

स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर तेवढी राहिली. ती इतकी मोठी असते, हे वेंडेलला आज कळलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता सरळ आणि मोकळा होता. वाक्य तोंडपाठ होतं. ते एकदा बोललं, की पुढच्या शनिवारी सहाला ही घरघरच ऐकत बसायचं. त्याला एकदम पोरकं वाटलं. सत्तरी उलटलेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं.

फोन पुन्हा वाजला. त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"मिस्टर टेकमायर? मघाशी उचलला नाहीत तुम्ही. मला वाटलं..." लोर्ना थांबली. "बरे आहात ना?"

"आत्ताच बाहेरून आलो."

"असं होय." ती म्हणाली. "जिंकलो आज."

वेंडेलने यादीकडे पाहिलं. ॲशग्रोव्हवरची रेघ ठळक होती. त्याने पेन्सिल उचलली नाही. पलीकडे लोर्ना त्याच्या नेहमीच्या 'तेवढं पुरे'ची वाट बघत होती. जेवणाच्या टेबलाची खुर्ची त्याने पायाने फोनपर्यंत ओढली आणि बसला.

"कितीने?" त्याने विचारलं.



"थांबा हं," लोर्ना म्हणाली. "वही आणते. पहिल्यापासून सांगते."