जड नाव

"राँग नंबर," म्हणून तुमिनीनं फोन ठेवला. इस्पितळातून आलेला हा तिसरा फोन. नर्स दर वेळी गोड आवाजात जोयोकुसुमोंची चौकशी करायची आणि तुमिनी ठणकावून सांगायची, "या नावाचं इथं कुणी नाही, बाई."

खोटं नव्हतंच ते. जोयोकुसुमो हे तिच्या नवऱ्याचं जुनं नाव. म्हाताऱ्याची लघवी अडायला लागली, इस्पितळात तपासणीला रक्त देऊन झालं, तरी उतार पडेना. तेव्हा गावातले थोरले म्हणाले, "नाव राजेरजवाड्यांचं. याच्या अंगाला पेलत नाही." मग रिवाजाप्रमाणे लाल-पांढरी खीर वाटून नाव बदललं. नवं नाव तुमिनीनंच निवडलं, वालुयो, म्हणजे खडखडीत बरा. जुन्या नावाला ओ दिली की दुखणं घर विचारत परत येतं, हे जावा बेटावर, क्लातेनकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. तुमिनी कशाला ओ देईल? नवराही चार दिवसांत "आता बरं वाटतंय" म्हणू लागला. तिला आभाळ ठेंगणं झालं.

वर्षभरानं त्याला उभं राहवेना. नव्या तपासणीत मणक्याची, कमरेची हाडं दिव्यांसारखी उजळली. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पोचलेला.

"गेल्या वर्षी तो ग्रंथीतच असणार, काका," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली. "हल्ली रक्तावरूनच सुगावा लागतो. एमआरआयवर नेमकी जागा दिसते. किरणांच्या पाच बैठकांत कदाचित मोकळे झाला असता. आता औषधांनी फार तर थोपवून धरू. तुमच्या रक्ताचा अहवाल बरा नव्हता, म्हणून आम्ही तीनदा फोन केला होता. कुणी घेतला?"

आपण आपल्या हातानं आपला माणूस मारला, एवढंच तुमिनीला कळत होतं.

"मीच," नवरा म्हणाला.

ती चमकली. ते फोन त्याच्या कानावरही गेले नसतील, असं ती धरून चालली होती. बाहेर बाकावर टेकल्यावर तिनं विचारलं, "अहो, खोटं कशाला बोललात?"

"तिन्ही वेळा मी पडवीतच होतो. ऐकत होतो." तो गुडघे चोळत राहिला. "दुखणं एक दिवससुद्धा थांबलं नव्हतं गं. पण नाव तू ठेवलं होतंस. ते खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं."